नऊ नंबरचा दाखला

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, संध्याकाळी पाचला दहा कमी असताना, माणगुळीच्या हायस्कूलच्या मैदानावर मी मेलो. थोड्या वेळानं लाऊडस्पीकरवरून तसं जाहीर झालं. दोन हजार माणसं उठून उभी राहिली. भेळवाल्यानं स्टोव्ह बंद केला. कॉमेंट्री करणाऱ्या मास्तरांनी माझं पूर्ण नाव घेतलं, मकरंद बाबासाहेब साळोखे, वय वर्षे वीस, आणि मी किती उमदा खेळाडू होतो ते सांगितलं. माझ्या खेळाबद्दल एवढं चांगलं त्याआधी कुणी बोललं नव्हतं, त्यानंतरही नाही.

ते असू दे. असं काही झालंच नाही असं धरून चालू. मलाही ते सोयीचं पडतं.

इंद्रजित खराडे माझ्या शेजारचा. दोन घरांत एकच भिंत. त्याच्या आईनं फोडणी दिली की आमच्याकडं ठसका लागायचा. आमच्या जुनी विहीर तालमीच्या टीमचा तो नऊ नंबर, आणि त्याच टीमचा मी सोळा नंबर, म्हणजे बाकावरचा. तीन सीझन मिळून मी बावीस मिनिटं खेळलो होतो. त्यातली सात मिनिटं बॉल स्टेडियमच्या बाहेर गेला होता आणि आम्ही वाट बघत उभे होतो.

त्या जानेवारीत लीगच्या मॅचला रेफरीनं इंद्याचा गोल ऑफसाइड दिला. इंद्या शिवी देणारा नव्हे. तो शांतपणे रेफरीजवळ गेला आणि म्हणाला, "सर, माझ्या मामाचं चष्म्याचं दुकान आहे. माझं नाव सांगा, कमी करतील." मामाचं दुकान खरंच होतं. शिस्त समितीच्या चौकशीत इंद्यानं दुकानाचं कार्डही पुढं ठेवलं. समितीनं दुकान असल्याचं मान्य केलं आणि त्याच्यावर सीझनभर बंदी घातली. जिल्ह्यातल्या सगळ्या स्पर्धांना लागू.

इंद्याच्या वडलांना, खराडे काकांना, बरंच वाटलं. ते एसटीच्या वर्कशॉपला होते. पोरानं फुटबॉल सोडून भरतीची तयारी करावी असं त्यांचं चार वर्षांपासून म्हणणं होतं. "बंदी न्हवं, सुट्टी समज," ते इंद्याला म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात आप्पांना कळलं की माणगुळीच्या स्पर्धेला मुंबईच्या एका ऑफिस टीमचे कोच येणार आहेत. दोन पोरं निवडणार, नोकरीसकट.

आप्पा मंडलिक म्हणजे आमच्या टीमचे मॅनेजर. त्यांचं डिजिटल फलकांचं दुकान होतं. वाढदिवस, निवड, निधन, सगळं तिथंच छापून मिळायचं. त्या दुकानात, कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक मशीनमधून हळूहळू बाहेर येत असताना, त्यांनी आम्हा दोघांना बसवलं.

"बंदी कुणावर आहे?" आप्पांनी विचारलं.

"इंद्यावर," मी म्हटलं.

"मक्यावर आहे का?"

"मक्या कुणाला दिसलाय का आजवर, बंदी घालायला," इंद्या म्हणाला.

आप्पांनी खेळाडूंची यादी पुढं ओढली. "मग माणगुळीला मक्या खेळतोय. नऊ नंबर."

मला एक क्षण खरंच वाटलं. मी ताठ बसलो.

"तू न्हवं रे," आप्पा म्हणाले. "तुझं नाव खेळतंय. खेळणार इंद्याच."

"आणि चेहरा?"

"दाढी वाढवा दोघं. दाढीत अख्खी तालीम सारखीच दिसती. मॅचला कोण आधार बघत न्हाई, दाखला बघत्यात. कोचना मी मागनं खरं काय ते सांगतो."

 बाहेर आल्यावर इंद्यानं माझ्या गाडीच्या आरशात स्वतःची दाढी बघितली.

"दोनच मॅच दे मला मक्या," तो म्हणाला. "तिकडं लागलो की तुझं नाव धुवून, इस्त्री करून परत देतो."

"घे की. पडूनच आहे."

पहिली मॅच आम्ही जिंकलो. माझ्या दोन गोलांवर. सेमीफायनलला ते कोच येणार होते.

रविवारी माणगुळीत मी मैदानाच्या कडेला पाण्याची बादली उलटी घालून तिच्यावर बसलो होतो. काम एवढंच, की कुणी माझं नाव घेऊन हाक मारली तर मान वर करायची नाही. हे वाटतं तेवढं सोपं नाही. अडतिसाव्या मिनिटाला इंद्यानं तिघांना मागं टाकलं आणि डाव्या पायानं बॉल कोपऱ्यात सारला. मास्तरांचा आवाज फाटला, "साळोखे, साळोखे, काय हा साळोखे." पोरं नाचत मैदानात घुसली. दोन हजार माणसं माझं नाव घेऊन ओरडत होती आणि मी बादलीवर बसून नखं बघत होतो. मग मला राहवेना. मी उठून टोपीवाल्या कोचच्या मागं जाऊन उभा राहिलो. त्यांनी वहीत लिहिलं होतं, एम. साळोखे, आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.

इंद्यानं लांबून माझ्याकडं बघितलं. मी त्याला बोटानं दोन रेघा मारून दाखवल्या. त्याला कळलं. तो हसला.

एकसष्टाव्या मिनिटाला बॉल पार दुसऱ्या टोकाला होता. इंद्या मधल्या वर्तुळात गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. त्याच्या आसपास कुणी नव्हतं. तो खाली बसला. मग आडवा झाला, उन्हाळ्यात गच्चीवर झोपतात तसा, एक हात डोक्याखाली घेतल्यासारखा.

आम्ही एका गोलनं पुढं होतो. पुढं असलेल्या टीमचा माणूस आडवा पडला की त्याचा एकच अर्थ असतो. समोरच्या पब्लिकनं शिट्ट्या सुरू केल्या. रेफरी चालत गेला आणि त्यानं इंद्याला वेळकाढूपणाबद्दल पिवळं कार्ड दाखवलं. साळोखेच्या नावावर पडलेलं ते पहिलं कार्ड.

मीही ओरडलो. "ऊठ की लेका. माझं नाव खराब करालायस."

रेफरी वाकला. मग त्यानं कार्ड खाली टाकलं आणि दोन्ही हात हलवायला लागला.

स्पर्धेची अँब्युलन्स होती. झाडाखाली सावलीत उभी केली होती, आणि सावली आहे म्हणून बक्षिसाचे चषक आत ठेवले होते. मोठा, त्याहून लहान, मग उत्कृष्ट गोलकीपरचा, असे नऊ. ते आधी उतरवावे लागले. कमिटीतले दोघं एकेक चषक दोन हातांनी उचलून सतरंजीवर ठेवत होते. मी आत चढून पायानं उरलेले ढकलले तर एक जण म्हणाला, "चेपतील की ओ."

ग्रामीण रुग्णालय चार किलोमीटरवर. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी त्याला सारखं "मक्या, मक्या" म्हणत होतो. कमिटीचा माणूस समोर बसला होता म्हणून. त्या चार किलोमीटरमध्ये मी त्याला एकदाही त्याच्या नावानं हाक मारली नाही.

डॉक्टरांनी दहा-पंधरा मिनिटं काय काय केलं. मग हात धुतले.

बाहेर टेबलाशी एक क्लार्क रजिस्टर घेऊन बसले होते. वयस्कर, सावकाश लिहिणारे. कमिटीच्या माणसानं दिलेला कागद शेजारी ठेवून त्यांनी नाव अर्धं उतरवलंही होतं.

"साळोखे मकरंद बाबासाहेब," ते म्हणाले. "सोबत नातेवाईक कोण?"

आप्पा भिंतीकडं बघत होते.

"मी," मी म्हटलं.

"आपलं नाव?"

"साळोखे मकरंद बाबासाहेब."

त्यांनी पेन उचललं. "मयताचं न्हवं. तुमचं."

"तेच माझं आहे."

आप्पांनी मला कोपरानं ढोसलं. "मक्या, दम खा," ते हळू म्हणाले. "अर्धा तास. पोरं गाडीत बसून निघू देत. सगळ्या टीमवर येईल. तालमीवर येईल."

"मग मी अर्धा तास मेलेलाच राहू?"

"मी काय कायमचं म्हणालोय का?"

आतल्या खाटेवर इंद्याचे पाय दिसत होते. स्टॉकिंग अजून वर ओढलेले होते. मी क्लार्कना सांगितलं, "आत इंद्रजित दिनकर खराडे आहे. माझ्या नावावर खेळत होता."

त्यांनी रजिस्टरकडं बघितलं. "पेननं लिहिलंय," ते म्हणाले. "खाडाखोड चालत न्हाई. पोलीस येऊ देत, मग बघू."

माझा फोन मैदानावर बॅगेत राहिला होता. आमच्या गोलकीपरनं तो आणून दिला तेव्हा त्यात त्रेसष्ट मिस्ड कॉल होते. तालमीच्या ग्रुपवर माझा फोटो आला होता, समई लावून. आप्पांच्या दुकानाचा तयार नमुना होता तो, फक्त फोटो बदलायचा. खाली लोकांनी हात जोडले होते. वर्षभर माझ्या मेसेजला उत्तर न दिलेल्या एका मुलीनं लिहिलं होतं, फार चांगला होता.

मी पप्पांना फोन लावला.

"कोण?" पप्पा म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. मागं जीपची घरघर.

"पप्पा, मी. मक्या."

 मग कुणीतरी जवळून म्हणालं, "साळोखे, घोटभर पाणी घ्या बघू." तो आवाज खराडे काकांचा होता.

तेव्हा मला कळलं. माझी बातमी आल्यावर गल्लीतनं जीप निघाली होती आणि पप्पांना एकट्याला कसं सोडायचं म्हणून काका त्यांच्या शेजारी बसले होते.

"पप्पा, मी बरा आहे. माझ्या नावावर इंद्या खेळत होता," मी म्हटलं. "इंद्या गेला."

घरघर चालू राहिली.

"पप्पा, ऐकालाय न्हवं?"

"व्हय पाहुणे," पप्पा म्हणाले. "निम्म्या वाटेत आहे. येतोय." आणि फोन बंद केला.

दिवेलागणीला जीप आली. मी रुग्णालयाच्या पायरीवर उभा होतो. आधी खराडे काका उतरले आणि त्यांनी पप्पांना हात धरून खाली घेतलं. पप्पा माझ्याकडं बघेनात. काकांनी वर बघितलं.

ते पळत आले. गुडघ्याचं दुखणं होतं त्यांना, तरी पळत आले. माझे दोन्ही दंड धरले, तोंडावरून हात फिरवला. "अहो साळोखे," ते मागं वळून म्हणाले, "बघा की. पोरगं जितं आहे तुमचं. उभं आहे हितं." ते रडत होते आणि हसत होते. "कुणी पसरवलं रे असलं? काय माणसं का कोण?"

 जीपमधली बाकीची माणसं उतरून गोळा झाली होती. तीही खूश होऊन माझ्याकडं बघत होती.

"मग गेलं कोण?" काकांनी विचारलं.

मी पप्पांकडं बघितलं. ते जीपच्या चाकाकडं बघत होते.

"आणि आमचं कुठाय?" काका म्हणाले. "बातमी आल्यापासनं फोन लावालोय, लागंना. तुझं ऐकून काय होईल त्याचं म्हणून मी वाटंत सारखं लावत होतो. त्याला आधी कळव बाबा, तू बरा आहेस म्हणून."

पुढचं मी लिहीत नाही. लिहिता येतं, पण लिहीत नाही.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा स्नायू जाड होता, जन्मापासून असणार. अशी पोरं दिसायला ठणठणीत असतात. कार्डिओग्राम काढला असता तर बहुतेक संशय आला असता. पळू नको म्हटलं असतं. भरती नाही, फुटबॉल नाही, जिना चढताना सावकाश. पण जिवंत असता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काका आमच्या उंबऱ्याशी येऊन बसले. मीही बसलो. त्यांनी माझ्यावर कधीच आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"तुझा बाप," ते म्हणाले, "निम्म्या वाटेपासनं माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडला. मला वाटलं तुझ्यासाठी."

मी उंबऱ्याची कड नखानं खरवडत होतो.

"मी त्याला म्हणत होतो, साळोखे, मन घट्ट करा. एवढा वेळ मीच म्हणत होतो."  मग म्हणाले, "मक्या, एक विचारू? त्या स्पर्धेवाल्यांनी सगळ्या खेळाडूंची तपासणी केली होती म्हणं. हृदयाची."

"व्हय काका. गेल्या वर्षी कुणाला तरी चक्कर आली होती. म्हणून यंदा सक्तीची होती. दाखला असला तरच यादीत नाव."

"मग त्याचं केलं होतं न्हवं? तुझ्या नावावर का असंना."

पप्पा आत पेपर धरून बसले होते. पान उलटायचा आवाज थांबला.

"केलं होतं," मी म्हटलं.

"काय निघालं?"

"एकदम नॉर्मल."

काकांनी मान हलवली. दोन-तीनदा. "मग झालं," ते म्हणाले. "डॉक्टरलाच दिसलं न्हाई, तर आपण काय करणार." आणि भिंतीचा आधार घेत उठले. त्यांना थोडं हलकं वाटलं असावं. मी त्यांना घरापर्यंत पोचवून आलो. आठ पावलं.

आता तो गुरुवार.

मॅचच्या दोन आठवडे आधीचा. त्या मंगळवारी प्रॅक्टिसला इंद्या मध्येच खाली बसला. डोळ्यापुढं अंधारी आली म्हणाला, छातीत धडधडतंय. मी त्याला पाणी दिलं आणि उपास करू नको म्हणून सांगितलं. गुरुवारी कमिटीनं नेमलेल्या डॉक्टरांकडं आमच्या टीमचा कार्डिओग्राम होता. नाव माझं, म्हणून मी निघालो. इंद्या गाडीवर मागं बसला. "मी पण येतो," म्हणाला.

बाहेर बाकावर बसल्यावर तो म्हणाला, "तुझं आधार दे. मी जातो आत."

"फोटो माझा आहे त्याच्यावर."

"दाढीत कोण बघतंय? आप्पाच म्हणाले की." त्यानं हात पुढं केला. "दे. एकदा बघू तरी काय ते."

मी खिशातनं आधार काढलं होतं. ते त्याच्या हाताच्या एवढं जवळ होतं. मग मला सुचलं. आयुष्यात मला वेळेवर जे काही सुचलंय ते असलंच आहे.

"परवासारखं धडधडायला लागलं तर?" मी म्हटलं. "दाखला गेला, मॅच गेली, मुंबईवाले गेले. माझं काढू. माझं म्हशीसारखं आहे. कागदोपत्री आपलं दोघांचं एकच हृदय, मग त्यातलं चांगलं दाखवायला नको?"

तो हसला. मला अजून आठवतं, लगेच हसला नाही. आधी त्या दाराकडं बघितलं. मग हसला आणि हात मागं घेतला. "जा तर," म्हणाला.

आत मला झोपवून छातीला काय काय चिकटवलं. डॉक्टर कागद बघून म्हणाले, "उत्तम. फुटबॉलसाठीच बनलाय." बाहेर येऊन मी ते इंद्याला सांगितलं आणि आम्ही पोट धरधरून हसलो. इतके हसलो की तो मध्येच थांबला आणि छातीवर हात ठेवून श्वास घ्यायला लागला. मी म्हटलं, "नाटकं बंद कर. नॉर्मल आहेस तू."

काका अजून शेजारी राहतात. रोज सकाळी मला विचारतात, चहा झाला का. मी म्हणतो, झाला. नऊ वर्षं मी त्यांना फक्त एवढंच खरं सांगतो.

त्या वर्षी एप्रिलमध्ये कमिटीचं पत्र आलं होतं. अपात्र खेळाडू खेळवल्याबद्दल तालमीवर दोन वर्षं बंदी, समोरची टीम विजयी. सोबत नियमावली जोडली होती. ती मी पूर्ण वाचली. आमच्या तालमीत ती पूर्ण वाचलेला मी एकटाच आहे. दर फेब्रुवारीत मी त्यांना एक अर्ज पाठवतो. पोच मिळते. यंदाचा असा आहे.

प्रति, मा. अध्यक्ष, स्पर्धा समिती, माणगुळी.

विषय : अपूर्ण राहिलेला सामना पूर्ण करण्याबाबत.

महोदय, आपल्या नियमावलीतील नियम क्रमांक सत्तावीसनुसार, खेळाडूच्या दुखापतीमुळे थांबवावा लागलेला सामना उर्वरित वेळेपुरता, त्याच गोलसंख्येवर आणि सामना थांबला त्या वेळी मैदानात असलेल्या त्याच खेळाडूंसह खेळवणे समितीवर बंधनकारक आहे. ऐंशी मिनिटांच्या उपरोक्त सामन्याची एकोणीस मिनिटे शिल्लक असून आमचा संघ एक शून्यने पुढे आहे. आमचे दहा खेळाडू आपण कळवाल त्या दिवशी हजर राहतील. अकराव्याबाबत विनंती की, यादीतील नाव ग्राह्य न धरता प्रत्यक्षात मैदानात असलेला खेळाडू ग्राह्य धरावा, आणि खेळ सुरू करण्यापूर्वी त्याची वैद्यकीय तपासणी त्याच्या स्वतःच्या नावाने करण्यात यावी.